शाफ्टच्या गल्लीचे दार

लिहून ठेवणार: गं. भा. विजया भ्रतार वसंत पोतनीस, वय साठीच्या घरात, धंदा पूर्वी परिचारिका, सध्या काही नाही, राहणार माधवनगर, उज्जैन.

मी, वर लिहिलेली विजया, हे मृत्युपत्र आपल्या खुषीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही. घाटाच्या पायऱ्या चढताना कळ येते आणि डाव्या हातात उतरते, तिचा अर्थ मला डॉक्टरांनी सांगायची गरज पडली नाही. पण मृत्युपत्राला डोक्याचा दाखला लागतो, छातीचा नाही, असे आमचे वकील दत्तात्रय शितूत म्हणतात. मला कोणी फूस लावलेली नाही, कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालू शकतील अशी माणसे आता उरलेली नाहीत. मजकूर मी स्वतः लिहिला आहे. कायद्याचे शब्द शितूतांनी घातले. बाकीच्यातले पुष्कळसे ते "गाळा" म्हणाले, ते मी गाळलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी म्हणाले तर ते खोटे समजावे.

ज्या कारखान्याच्या दवाखान्यात माझी नोकरी झाली त्याचे नाव या कागदात येणार नाही. शितूत म्हणाले, "नाव घातलंत तर मेल्यावरही तुम्हाला नोटीस येईल, आणि उत्तर मला द्यावं लागेल." म्हणून तो नुसता जिनिंगचा कारखाना. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

१. घर. माधवनगरातील माझे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि पडवीलगतची मोकळी जागा पेरूच्या झाडासकट, हे मी माझ्या पगारातून बांधले. पोतनीसांच्या वाटणीतली एक वीटसुद्धा त्यात नाही. हे घर माझ्यामागे माणिक, मूळची राहणार नानाखेडा, हल्ली माझ्याच घरी राहणारी, हिला द्यावे. ती हयात असेपर्यंत तिला कोणी बाहेर काढू नये, आणि तिच्यामागे तिने ज्याला द्यायचे त्याला द्यावे. माणिक माझी मोलकरीण नाही. शेजारी तसे समजतात आणि आम्ही दोघींनी कधी त्यांची समजूत घातली नाही, म्हणून येथे लिहून ठेवते.

माणिक जीनमध्ये कामाला होती. जिनिंग म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणे. लांब शेड, दोन्ही बाजूंना जिनांची रांग, आणि प्रत्येक जिनापुढे एक बाई कपाशी घालीत बसलेली. जिनांच्या खालून एक अरुंद बोळ जाई. त्यात शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी शाफ्ट फिरत असे आणि त्याच्यावरून प्रत्येक जिनाला चामड्याचे पट्टे गेलेले असत. त्याला सगळे शाफ्टची गल्ली म्हणत. गल्लीला एक दार होते. वरून सांडलेल्या कपाशीचा गल्लीत ढीग झाला की पट्टे घसरायला लागत. मग मुकादम एखाद्या बाईच्या हातात खराटा देऊन तिला त्या दाराने आत पाठवी. इंजिन चालूच असे.

स्वातंत्र्याच्या आधीच्या हिवाळ्यात एका दुपारी मी दवाखान्यात सुया उकळत ठेवल्या होत्या. एकाएकी इंजिन थांबले. पाळी संपल्याशिवाय ते कधी थांबत नसे, त्यामुळे आवाज बंद होताच मी जखमेवर बांधायचे कापड घेऊन उठले. चौघांनी माणिकला खाटेवर घालून आणले. पदर शाफ्टला गुंडाळला गेला आणि तो सोडवायला गेलेला उजवा हात पट्ट्यात गेला, असे बरोबरच्या बायका रडत सांगत होत्या. माणिक रडत नव्हती. मला म्हणाली, "बई, चूड़ो संभाल के उतारजो. नवो है." हात कोपरापासून लोंबत होता आणि तिला लाखेच्या नव्या बांगड्यांची काळजी. मी त्या उतरवल्या. एकही फुटू दिली नाही. सरकारी इस्पितळात तिचा हात कोपराच्या वर काढला.

कारखान्याचे मॅनेजर भय्यासाहेब राजगुरू नात्याने माझ्या यजमानांचे लांबचे भाऊ, म्हणून मला वहिनी म्हणत. मी त्यांच्याकडे गेले.

ते म्हणाले, "वहिनी, कितीदा सांगितलं या बायकांना, पदर खोचा, केस बांधा. ऐकतंय कोण?"

"मुकादमाने पाठवली म्हणून ती आत गेली, भय्यासाहेब. त्या दाराला कुलूप लावा. किल्ली इंजिनवाल्याकडे द्या. इंजिन थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही, एवढंच करा."

"अहो, दर वेळी इंजिन थांबवलं तर कपाशीच्या गाड्या देवास गेटापर्यंत उभ्या राहतील."

ते चिडून बोलले नाहीत. भय्यासाहेब कधी चिडत नसत. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि मी तो प्याले.

माणिकच्या घरच्यांनी तिला पहिल्याच वर्षी टाकले. ती जखम बांधून घ्यायला माझ्याकडे येत असे. एके दिवशी येताना गाठोडे घेऊन आली. मी ते उचलून आत ठेवले. त्या दिवसापासून ती येथेच आहे. डाव्या हाताने ती भाकऱ्या थापते, त्या माझ्या दोन हातांच्या भाकऱ्यांपेक्षा गोल होतात. जात काय, असे मला जे विचारतात त्यांनी हे घर मिळण्याची आशा सोडावी.

२. शिवणाचे यंत्र. ते मीना हिला द्यावे. मीना म्हणजे गेंदाबाईची मुलगी. गेंदाबाई कोण हे आता सांगते.

माणिकच्या अपघातानंतर मी त्या यंत्रावर जीनमधल्या बायकांसाठी घट्ट बाह्यांची पोलकी शिवली, पाठीमागे पदर खोचायला पट्टी असलेली. कापड भय्यासाहेबांच्या पत्नी सुलभाताई गुपचूप पाठवीत. नवऱ्याला कळू देऊ नका, असा निरोप प्रत्येक ताग्याबरोबर येई. बायका पोलकी घालायला लाजत होत्या. पहिले पोलके गेंदाबाईने घातले आणि शेडमध्ये कमरेवर हात ठेवून सगळ्यांना फिरून दाखवले. मग इतरांनी घातली. गेंदाबाई मोठ्या आवाजाची, हसरी. मुकादमाला तोंडावर बोलणारी ती एकटीच.

पोलक्यांनी काही भागत नाही, हे मला ठाऊक होते. दार उघडेच होते.

मग राज्य बदलले. ग्वाल्हेरचे सरकार जाऊन मध्यभारत झाले, आणि मागोमाग कारखान्यांचा नवा कायदा आला. हंगाम संपत आला असताना सुहास मोघे नावाचे तरुण इन्स्पेक्टर तपासणीला आले. भय्यासाहेब त्यांना इंजिन दाखवीत होते, विहीर दाखवीत होते. मी दवाखाना सोडून शेडमध्ये गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हटले, "साहेब, हे दार बघा. येथून बायका आत जातात. बायकांचे पदर अडकतात, वेण्या अडकतात. बायकांच्या जिवाला येथे धोका आहे." माणिकलाही मी बरोबर नेले होते. मोघ्यांनी तिच्याकडे पाहिले आणि वाकून स्वतः गल्लीत डोकावले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीवर कापूस होता. पुढच्या हंगामाच्या आत कुलूप बसलेच पाहिजे, पट्ट्यांना जाळी लागलीच पाहिजे, असा त्यांनी हुकूम दिला.

त्या संध्याकाळी मी देवास गेटावरून पेढे आणले आणि दवाखान्यात वाटले. गेंदाबाईने एक तोंडात घातला आणि एक मीनासाठी पदरात बांधला.

दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला. बायका पोलकी घालून फाटकाशी आल्या आणि मुकादमाने त्यांना आत सोडले नाही. यंदापासून शेडमध्ये बायका नाहीत, गडीच कामाला घेणार, सरकारचा कायदा आहे आणि नर्सबाईंनीच तो मागितला, असे तो म्हणाला. मी पोचले तेव्हा बायका गर्दी करून उभ्या होत्या. कोणी मला शिव्या दिल्या नाहीत. गेंदाबाई पुढे आली, आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "हाथ तो बच गया, बई. अब इनके चाबूँ कई?"

हात वाचले, आता ते चावून खाऊ का, असे ती विचारत होती. मी तशीच भय्यासाहेबांकडे गेले.

"वहिनी, बायकांना धोका आहे असं तुम्हीच साहेबांना म्हणालात. मी धोका काढून टाकला."

"दाराला कुलूप कुठे आहे?"

"बायकाच नाहीत तर पदर कोणाचा अडकणार? शिवाय नवा कायदा म्हणतो, बायका ठेवल्यात तर त्यांच्या पोरांसाठी पाळणाघर बांधा, वेगळे संडास बांधा. मालक मला विचारतील ना?"

"कायद्यात बायकांना काढा असं कुठं लिहिलंय?"

"ठेवाच असं तरी कुठं लिहिलंय?" असे म्हणून त्यांनी चहा मागवला. या वेळी मी प्याले नाही. एवढाच माझा निषेध.

३. दवाखान्याच्या सामानाची पेटी. कात्र्या, चिमटे, पट्ट्या, आयोडीन वगैरे माझ्या स्वतःच्या पैशाने घेतलेले सामान श्रीनाथ यांस द्यावे. त्यांचे देवास गेटाजवळ चहाचे दुकान आहे, तेथे बसअड्ड्यावरचे हमाल, गवंडी, लोहार येतात. कोणाला लागले तर तेथे बांधून मिळावे. बांधायचे कसे ते मी श्रीनाथना शिकवले आहे.

बायकांना काढले त्याच हंगामात श्रीनाथ जीनवर लागले. पदर नव्हता. सदऱ्याची बाही होती. तीच गल्ली, तेच उघडे दार, तोच मुकादम आणि बहुधा तोच खराटा. उजव्या हाताची बोटे गेली, अंगठा तेवढा राहिला. मोघे पुन्हा आले आणि कुलूप बसेपर्यंत त्यांनी शेडला सील ठोकले. इतकी वर्षे जे जमत नव्हते ते कुलूप एका सकाळी बाजारातून आले. जाळ्याही आल्या. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या शेडमध्ये कोणाचा हात गेला नाही.

मी वाट पाहिली की आता कुलूप आहे, जाळी आहे, तेव्हा बायकांना परत घेतील. भय्यासाहेब म्हणाले, पुढच्या हंगामात बघू. मी ग्वाल्हेरला अर्ज केला. उत्तर आले की हे काम आता इंदूरच्या कचेरीकडे आहे. इंदूरला केला. तो कोणाच्या तरी टेबलावर असताना मध्यभारतच संपले आणि मध्यप्रदेश झाला. आता भोपाळला लिहा, म्हणाले. भोपाळला लिहिले. तेथून छापील पोच आली. राज्ये बदलली, राजधान्या बदलल्या, आणि फाटक बंदच राहिले. मोघ्यांची बदली झाली होती, तरी ते एकदा मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, "काकू, कुलूप लाव हे मी सांगू शकतो. कामावर कोणाला घ्यावं हे मला सांगता येत नाही." त्यांचा चेहरा पाहून मीच त्यांची समजूत घातली.

४. पोस्टातली शिल्लक. ती जेवढी निघेल तेवढी दोर आणि बांबू घेण्यासाठी खर्च करावी. शितूत हे वाचून हसले. त्यांनी गेंदाबाईला पाहिले नव्हते.

जीनमधून निघालेल्या बायकांपैकी काही बिड्या वळू लागल्या, काही गावाला गेल्या, आणि बऱ्याच जणी बांधकामावर गेल्या. नवे राज्य झाल्यावर सरकारी क्वार्टरांची कामे निघाली होती, माधवनगराच्या कडेलाही एक निघाले. गेंदाबाई तेथे डोक्यावरून चुन्याची घमेली वाहात असे. जाता-येता माझ्या दारात उभी राहून पाणी पीत असे. माझ्यावर तिने राग धरला नव्हता. एकदा मी विचारले, "गेंदा, वर काही धरायला आहे का?" ती हसून म्हणाली, "धरने को भगवान है."

बांबूंच्या परांचीला कठडा नव्हता. फळ्या नुसत्या टाकलेल्या. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावरून ती घमेल्यासकट खाली आली. लोक मला बोलवायला धावले. मी आणि माणिक पोचलो तेव्हा श्वास चालू होता. माणिकने तिचे डोके मांडीवर घेतले. चुना डोळ्यांत गेला होता, तो मी पाण्याने धुतला. माझ्या हातून तेवढेच झाले. थोड्या वेळाने ती गेली. तिच्या अंगात मी शिवलेले पोलके होते, विटून पांढरे पडलेले, पाठीमागे पदर नीट खोचलेला.

ठेकेदार म्हणाला, "चक्कर आ गया होगा, माताजी." मी म्हटले, परांचीला कठडा बांधा. तो म्हणाला, "मकान बनाना है कि पिंजरा?" मी मोघ्यांना लिहिले. त्यांचे उत्तर आले की इमारतीचे काम कारखान्याच्या कायद्यात बसत नाही, येथे मला शिरता येत नाही. मग मी बाजारातून तागाचा दोर आणला, आणि श्रीनाथ व माणिक यांनी मिळून त्या परांचीला कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधला. दोघांचे मिळून दोन धड हात होत होते. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने तो दोर सोडून विहिरीच्या बादलीला लावला. आम्ही दुसरा आणला. तो राहिला.

तेव्हा माझ्या शिलकीतून दोर घ्यावा, बांबू घ्यावे, आणि शहरात जेथे परांची दिसेल तेथे विचारून अगर न विचारता कठडा बांधावा. चोरीला गेला तर पुन्हा घ्यावा. बादलीला लागला तर बादलीवाल्याशी भांडत बसू नये, तेवढ्यात दुसरा बांधून होतो. शिल्लक संपली की हे कलम संपले. पुढे कोणी चालवले तर त्याचे पुण्य त्याला.

मीनाला आईच्या जागी कामावर ये म्हणून ठेकेदाराचा निरोप होता. तिला मी शिवण शिकवले आहे. तिला परिचारिका व्हायला सांगत होते, ती म्हणाली, "बई, मेरे से खून नी देखा जाता." खरे आहे. तिने पुष्कळ पाहिले. म्हणून यंत्र तिचे.

५. भय्यासाहेब राजगुरू. त्यांस माझ्याकडून काही नाही. पण त्यांच्याबद्दल एक लिहायचे आहे.

पारसाली त्यांना अर्धांगवायू झाला. सुलभाताईंनी निरोप पाठवला की परक्या नर्सला ते हात लावू देत नाहीत, तुम्ही याल का. माणिक म्हणाली, जाऊ नका. मी गेले. पोलक्यांच्या कापडाचे ऋण होते, आणि आजारी माणसाकडे न जाण्याची मला सवय नव्हती. पावसाळाभर मी त्यांचे अंग पुसले, त्यांना कुशीवर वळवले, तोंडात पेज घातली. ते जुन्या दरबारच्या गोष्टी सांगत, जीनची एकही नाही. एकदा म्हणाले, "वहिनी, मला पलंगावरून पडण्याची भीती वाटते. या बाजूला कठडा लावून घ्याल का?"

मी त्याच दिवशी सुतार बोलावला. संध्याकाळच्या आत कठडा लागला. त्यांनी त्यावर चालता हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "आता बरं वाटतं."

तेव्हा मी बोलायला हवे होते. गेंदाचे नाव तरी घ्यायला हवे होते. तिला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. माझ्या तोंडाशी सगळे आले आणि मी त्यांच्या पांघरुणाची घडी सरळ केली. आता त्यांना ऐकू येते पण समजत नाही, असे डॉक्टर म्हणतात. तेव्हा ते राहूनच गेले. आजारी माणसाला बोलणे बरे नाही हे मला शिकवले होते, आणि ते मी पाळले, आणि पाळल्याचे वाईट वाटते.

सुलभाताईंना माझी शाल द्यावी. त्या घालणार नाहीत, पण ठेवतील.

६. चि. विलास, माझ्या दिरांचा मुलगा, बँकेत नोकरीला. त्याला त्याच्या काकांची हार्मोनियम द्यावी. ती तो विकणार नाही असा मला विश्वास आहे, कारण तिला गिऱ्हाईक नाही. विलास गेल्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, घर घरातच राहू दे." मी म्हटले, "घरातच राहतंय रे. माणिक कुठं बाहेर राहते?" त्याला राग आला. त्याच्या आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांनाही असाच आला होता. यजमान तापाने गेले आणि मी इंदूरला नर्सिंग शिकायला निघाले, तेव्हा पोतनीसांची सून लोकांच्या जखमा धुणार का, असे म्हणून ते माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत. शेवटच्या दुखण्यात त्यांच्या पाठीच्या जखमा मीच धुतल्या. तेव्हाही बोलले नाहीत, पण कूस वळताना माझा हात धरीत.

विलासची पत्नी सौ. अलका हिला चांदीची फुलपात्रे द्यावीत. मला ताप होता तेव्हा ती रोज डबा घेऊन आली आणि माणिकच्या हातचे पाणी प्याली, तेही शेजारीण पाहात असताना.

७. माझे दिवसकार्य थोडक्यात उरकावे. चक्रतीर्थावर न्यावे. अग्नी विलासने द्यावा, तेवढा त्याचा हक्क आहे. माणिकला घाटावर येऊ द्यावे. बायका जात नाहीत, असे कोणी म्हणाले तर त्याला हे कलम दाखवावे.

८. शेवटचे. मी पुष्कळ वर्षे जखमा बांधल्या, आणि जखम होण्याआधी काही करता येते, हे त्या दाराने मला शिकवले. ते मी केले. त्याबद्दल मला पस्तावा नाही. पस्तावा आहे तो माझ्या बोलण्याचा. इन्स्पेक्टरपुढे मी दर वाक्यात "बायका" म्हणाले. माणसे म्हणाले नाही, कामगार म्हणाले नाही. बायका म्हटले की साहेबाला दया येईल, असा माझा हिशेब होता. दया आली. आणि ती आल्यावर गेंदाबाईला बसून करायच्या, सावलीतल्या, बायकांच्या घोळक्यातल्या सोप्या कामातून उठून बिनकठड्याच्या फळीवर जावे लागले. दार तर सगळ्यांसाठीच उघडे होते. श्रीनाथचा हात गेला तेव्हा ते दिसले. मोघे म्हणतात, काकू, तुम्ही माणसं म्हटलं असतं तरी भय्यासाहेबांनी तेच केलं असतं. असेल. पण मग ते त्यांनी माझ्या शब्दांत केले नसते. या गोष्टीचा मला अफसोस आहे, आणि तो मी येथे सहीनिशी लिहून ठेवीत आहे.

वर लिहिल्याप्रमाणे व्यवस्था पाहण्यासाठी मी वकील दत्तात्रय शितूत यांना नेमते. त्यांनी दोराच्या कलमावर हसणे झाले असल्यास ते अमलात आणावे.

सही करण्यापूर्वी हा सर्व मजकूर आज दुपारी बाहेरच्या खोलीत मोघे आणि श्रीनाथ या साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. माणिक उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिला मराठी वाचता येत नाही, कळते सगळे. आठवे कलम संपल्यावर म्हणाली, "बई, वा अफसोस वाली लैन काट दो."

"का?"

"श्रीनाथ के बाद उण जीन में कोई को हाथ नी गयो. ऊ कई कम है?"

मी म्हटले, "आणि गेंदा?"

मोघे खिडकीबाहेर पाहू लागले. मग माणिक म्हणाली, "तो रेन दो."

राहू दिले आहे. या मृत्युपत्रात कोठेही खाडाखोड केलेली नाही.

सही: विजया वसंत पोतनीस

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली:

१. सुहास मोघे, फॅक्टरी इन्स्पेक्टर, हल्ली मुक्काम इंदूर, या कामासाठी उज्जैनला आलेले.

२. श्रीनाथ, चहाचे दुकान, देवास गेट, उज्जैन. सही डाव्या हाताची.

मुक्काम उज्जैन, तारीख ९ मार्च १९५९.